रिकाम्या पिंपांचा नफा

१८११ साली एडो शहराच्या कारभाऱ्यांनी खाण्यापिण्याच्या दुकानांची मोजदाद केली, तेव्हा शिजवलेले पदार्थ आणि दारू एकाच छपराखाली देणारी १,८०८ दुकानं कागदावर आली. एडो म्हणजे आजचं टोकियो. त्याची वस्ती तेव्हा दहा लाखांच्या घरात होती. बायका, तान्ही पोरं, मठातले भिक्षू असे सगळे धरले तरी दर साडेपाचशे माणसांमागे असं एक दुकान पडत होतं.

इतकी दुकानं चालत कशी होती, याचं उत्तर आधीच्या एका शिरगणतीत आहे. १७२१ साली एडोतल्या सामान्य रहिवाशांची गणना झाली. सामुराई सोडून साधारण पाच लाख माणसं भरली. त्यांत पुरुष सव्वातीन लाखांच्या आसपास होते आणि बायका पावणेदोन लाखांच्या थोड्या वर. सामुराईंची गोष्टही फार वेगळी नव्हती. १६३५ पासून शोगुनाने, म्हणजे देशाच्या लष्करी शासकाने, प्रत्येक सरदाराला वर्षाआड एडोत येऊन राहण्याची सक्ती केली होती. सरदाराबरोबर शेकडो शिपाई आणि चाकर यायचे आणि त्यांतल्या बहुतेकांची बायकापोरं मुलखातच राहायची. इसे आणि ओमी प्रांतांतल्या व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर कारकुनापासून पोऱ्यापर्यंत सगळे पुरुष, राहायलाही दुकानातच. उरले सुतार, गवंडी, हमाल, पालखीवाले आणि होडीवाले. त्यांच्या वाट्याला यायची ती चाळीतली एक खोली: नऊ फूट रुंद, बारा फूट लांब, त्यातच चूल आणि चपला काढायची जागा. गिरणगावात गाळ्यागाळ्याने राहणाऱ्या कोकणातल्या चाकरमान्याला ही खोली ओळखीची वाटली असती. फरक एवढाच की गिरणगावात खानावळवाल्या बाया होत्या. एडोत ते काम दारूच्या दुकानाने उचललं.

आधी मात्र शहर जळावं लागलं. १६५७ सालच्या मेइरेकी आगीत एडोचा निम्म्याहून अधिक भाग बेचिराख झाला. मृतांचा अंदाज एक लाखापर्यंत जातो. शोगुनाच्या किल्ल्याचा मुख्य बुरूजही जळाला आणि तो पुन्हा कधीच उभारला गेला नाही. शहर नव्याने बांधायला मुलखामुलखांतून कारागीर लोटले. या एकट्या, भुकेल्या माणसांना उकडलेले कंद, टोफू, शिजवलेले मासे विकणाऱ्या गाड्या आणि टपऱ्या रस्तोरस्ती उभ्या राहिल्या. पण टपरी म्हटली की शेगडी आली, आणि लाकूड-कागदाच्या शहरात शेगडी म्हणजे पुढच्या आगीची ठिणगी. सरकारने रात्री विस्तव पेटवून खाणं विकायला बंदी घातली, मग पुन्हा घातली, मग आणखी एकदा घातली. वारंवार निघणाऱ्या फर्मानांवरून एवढं नक्की कळतं की ती कोणी मनावर घेत नव्हतं.

दुसरीकडे दारूची दुकानं होतीच. गिऱ्हाईक भांडं घेऊन यायचं, मापाने साके, म्हणजे तांदळाची दारू, भरून घरी न्यायचं. ज्याला घर म्हणावं असं काही नव्हतं तो तिथेच उभा राहून पिऊन मोकळा व्हायचा. दुकानदाराने त्याच्यासाठी एक बाक टाकला, मग बाकाशेजारी काहीतरी खायला ठेवलं, आणि धंद्याची तऱ्हाच बदलली.

हा बदल कसा पैसा करून देऊ शकतो हे कांदा भागातल्या तोशिमाया या दुकानाने दाखवलं. जूएमोन नावाच्या माणसाने १५९६ साली कामाकुरा-गाशी या धक्क्यावर ते काढलं. किल्ल्याच्या बांधकामाचे दगड आणि लाकडं याच धक्क्यावर उतरत, त्यामुळे गिऱ्हाइकाची कधी वानवा नव्हती. अठराव्या शतकात तोशिमायाने साके जवळजवळ खरेदीच्या भावात विकायला सुरुवात केली. सोबत टोफूच्या वड्या बांबूच्या काडीवर खोचून, लाल मिसो थापून, निखाऱ्यावर भाजून द्यायची. वडी इतर दुकानांपेक्षा मोठी, भाव नाममात्र. हातगाडीवाले, सामुराईंचे चाकर, पालखी खाली टेकवून आलेले भोई यांची तिथे झुंबड उडायची. मग नफा कशात होता? रिकाम्या पिंपांत! साके सुगी या जपानी देवदाराच्या लाकडाच्या पिंपांतून यायची. पीप रिकामं झालं की लोणची, मिसो, सोया सॉस मुरवणारे ते विकत घ्यायचे. जितकी दारू लवकर संपेल तितकी जास्त पिपं हाती यायची. स्वस्त दारू विकून श्रीमंत झालेला हा दुकानदार पुढे वसंतातल्या बाहुल्यांच्या सणाआधी गोड, पांढरी शिरोझाके विकायला लागला. त्या दिवशी दुकानाबाहेर इतकी रेटारेटी व्हायची की दाराशी माणसं सांभाळायला माणसं ठेवावी लागत. १८३० च्या दशकात निघालेल्या एडोच्या सचित्र स्थळवर्णनात या गर्दीचं चित्र आहे.

अशा दुकानात शिरलेल्या माणसाला काय दिसायचं? जपानी ऐतिहासिक सिनेमांत सामुराई खुर्चीवर बसून टेबलावर कोपरं टेकतो, ती सिनेमावाल्यांची सोय. खऱ्या दुकानात टेबल नव्हतंच. लांब बाक असायचा, नाहीतर जमिनीपासून वीतभर उंच चौथरा. गिऱ्हाईक त्यावर एक पाय दुमडून बसायचं आणि खाण्याचा ट्रे त्याच्या मांडीशेजारी यायचा. दारात ऑक्टोपस आणि मासे उलटे टांगलेले असायचे, म्हणजे आत काय शिजतंय ते रस्त्यावरूनच कळावं. पुढे कित्येक दुकानांनी दारात सुंभाच्या दोऱ्यांचा पडदा लावला. आतमध्ये परतून शिजवलेले अळकुडीचे गड्डे, टोफूचं कालवण, कांद्याच्या पातीसोबत ट्यूना. ट्यूना तेव्हा हलका मासा समजला जायचा आणि त्याचा चरबीचा भाग तर कोणी विचारायचं नाही. धाडस असेल तर फुगू या विषारी माशाचं सूप. वाढणारे हातही पुरुषांचेच.

साके यायची ती चिरोरीत. चिरोरी म्हणजे तांब्याचं किंवा कथलाचं उभट भांडं, एका बाजूला चोच, दुसऱ्या बाजूला मूठ. भांडं गरम पाण्यात सोडायचं, हाताला बेताचं ऊन लागलं की उचलायचं आणि तसंच गिऱ्हाइकासमोर ठेवायचं. चिनीमातीच्या सुरईतून साके तापवण्याची पद्धत बरीच नंतरची. तापवून पिण्याची सवय मात्र जुनी, आणि तिचा एक साक्षीदार गोव्याहून गेलेला आहे. लुईश फ्रॉइश हा पोर्तुगीज जेझुइट १५४८ साली गोव्यात उतरला, तिथल्या सेंट पॉल कॉलेजात शिकला, तिथेच पाद्री झाला आणि १५६३ मध्ये जपानात पोचला. १५८५ साली त्याने युरोपीय आणि जपानी चालीरीती समोरासमोर मांडणारं एक टिपण लिहिलं. युरोपात वाइन गार करतात आणि इथे जवळपास बारा महिने तापवून पितात, अशी त्याची नोंद आहे. झिंगण्याची त्याच्या देशात लाज वाटते, इथले लोक ते मिरवतात, हेही त्याने लिहिलं आहे. पाद्रीबुवांचा सूर तक्रारीचा आहे, पण निरीक्षण बारीक.

एडोत प्यायली जाणारी चांगली साके एडोची नव्हती. ती पश्चिमेकडून, आधी इतामी आणि इकेदाहून, नंतर नाडाहून समुद्रमार्गे यायची. नुसत्या दारूच्या पिंपांसाठी वेगळी जहाजं होती. दरवर्षी नव्या साकेचं पहिलं जहाज कोणाचं पोचतं यावर शर्यत लागायची. बोटीच्या हेलकाव्यांत सुगी लाकडाचा वास दारूत उतरायचा आणि एडोकराला तोच वास हवा असायचा. पैसा पश्चिमेकडे जातो हे पाहून १७९० च्या सुमारास मात्सुदायरा सादानोबू या काटकसरी मंत्र्याने एडोच्या आसपासच्या भट्ट्यांना तांदूळ उसना देऊन उत्तम साके काढायला लावलं. सरकारी शिक्क्याची ती साके बाजारात आली आणि पडून राहिली. तोंडाला चढलेली चव हुकमाने उतरत नाही.

पुढे शोगुन गेला, एडोचं टोकियो झालं, बिअर आणि गोमांस आलं. इझाकायाच्या, म्हणजे या बसून पिण्याच्या दुकानांच्या, बाकावर त्यामुळे फारसा फरक पडला नाही. मोठा फरक पडला तो सरकारी तिजोरीत. चीनशी युद्ध झालं होतं, रशियाशी होणार होतं, आणि आरमार उभारायला पैसा हवा होता. १८९९ साली मद्यावरच्या कराने जमीनमहसुलालाही मागे टाकलं आणि देशाच्या करउत्पन्नाचा तिसऱ्याहून मोठा वाटा एकट्या दारूतून यायला लागला. त्याच वर्षी घरगुती दारू गाळणं गुन्हा ठरलं. शेतकऱ्याने स्वतःच्या तांदळाची, स्वतःच्या घरात, स्वतःपुरती केलेली दारूसुद्धा. आता प्यायची तर विकत घेऊनच. दुकानदाराच्या गल्ल्यात पडणाऱ्या प्रत्येक नाण्यात सरकारचा वाटा होता, तरी दारूबद्दल उपदेश करायला सरकार मोकळं होतंच.

क्यूशू बेटाच्या उत्तर टोकाला यावाता इथे १९०१ मध्ये सरकारी पोलाद कारखाना सुरू झाला. भट्टी विझत नाही, म्हणून पाळ्या दिवसरात्र चालायच्या. रात्रपाळी सुटली की घामाने निथळलेले कामगार सकाळीच दारूच्या दुकानात शिरायचे आणि उभ्याउभ्या एक प्याला रिचवून झोपायला जायचे. या पद्धतीला काकु-उची म्हणतात आणि आजच्या किताक्यूशू शहरात ती अजून टिकून आहे. या दुकानांचा परवाना दारू विकण्याचा, खाणावळीचा नाही. म्हणून तिथे काही शिजत नाही. फळीवरून माशाचा डबा किंवा सुकटीची पुडी उचलायची, पैसे मोजायचे, आणि तोच चाखणा.

टोकियोच्या कांदा भागात १९०५ साली मिमासुया उघडलं. आज चालू असलेल्या इझाकायांत ते शहरातलं सर्वांत जुनं मानलं जातं. १९२३ च्या भूकंपानंतर १९२८ साली उभारलेली त्याची इमारत १९४५ च्या बॉम्बवर्षावातूनही वाचली. तिथे अजूनही दोजो हे गोड्या पाण्यातले बारके मासे मिळतात.

युद्धाने बाकी सगळ्यांचे हाल केले. तांदूळ सैन्याकडे वळला तशी साके इतकी पातळ होत गेली की लोक तिला सोनमासा-साके म्हणू लागले, कारण तिच्यात सोनमासा सहज पोहू शकेल. १९४४ च्या मार्चमध्ये सरकारने बडे करमणुकीचे अड्डे आणि उंची खानावळी बंद केल्या. पण कारखान्यांत राबणाऱ्या माणसाला संध्याकाळी थोडी तरी मिळाली नाही तर तो सोमवारी कामावर येणार नाही, हे सरकारला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मे महिन्यात टोकियोत सरकारनेच ‘राष्ट्रीय दारूगृहं’ उघडली. रांगेत उभं राहायचं, आणि माणशी एक गो, म्हणजे १८० मिलिलिटर साके नाहीतर बिअरची एक बाटली घ्यायची. दुसरी मागायची नाही. दारूबंदी आणि दारूवाटप एकाच सरकारने चालवल्याचं याहून चोख उदाहरण शोधून सापडायचं नाही.

१५ ऑगस्ट १९४५ ला जपानने शरणागती पत्करली. २० ऑगस्टला शिंजुकूत ओझू किनोसुके या टोळीप्रमुखाने उघड्यावर बाजार मांडला. राखेच्या मैदानावर शंभराहून जास्त दिवे लावले आणि ‘शिंजुकूतून प्रकाश’ अशी पाटी लावली. पाच दिवसांत काळा बाजार सज्ज! तिथे तवे, चपला, सैन्याच्या कोठारातले कपडे विकले जात, आणि अर्थातच दारू. साकेचा चोथा गाळून काढलेली कासुतोरी, नाहीतर विमानांच्या नि कारखान्यांच्या स्पिरिटमध्ये पाणी घातलेली ‘बॉम्ब’. बॉम्बमध्ये मिथाइल अल्कोहोल असायचं. शेकडो माणसं त्याने दगावली आणि कित्येकांची दृष्टी गेली. तरी दुसऱ्या दिवशी टपरीवर गर्दी असायचीच.

शिंजुकू स्टेशनाच्या पश्चिमेला आज ‘ओमोइदे योकोचो’ नावाची अरुंद बोळ आहे. ती याच काळात जन्मली. तांदूळ आणि गहू रेशनवर, त्यांना हात लावला की पोलीस दारात. मग टपरीवाल्यांची नजर अमेरिकन फौजांसाठी कापल्या जाणाऱ्या गुराडुकरांच्या आतड्याकाळजांवर गेली. गोऱ्या सैनिकांना ते नको होतं आणि रेशनच्या यादीत ते नव्हतं. कायद्यातल्या या फटीतून एक अख्खी खाद्यपरंपरा बाहेर पडली. आजही तिथल्या काउंटरवर आठ-दहा माणसं खांद्याला खांदा लावून बसतात. समोर शेगडीवर काड्या फिरत असतात: शिरो म्हणजे आतडं, हात्सु म्हणजे काळीज, रेबा म्हणजे यकृत, काशिरा म्हणजे डोक्याचं मांस. ‘मीठ की सॉस?’ एवढंच विचारलं जातं. १९९९ च्या नोव्हेंबरात आग लागून या बोळीतली बरीच दुकानं जळाली आणि ती जवळपास होती तशीच, तेवढीच अरुंद, पुन्हा बांधली गेली.

बिअर महाग, म्हणून १९४८ साली बाजारात होप्पी आलं. हे बिअरच्या चवीचं, जेमतेम अल्कोहोल असलेलं पेय. ते शोचू या स्वस्त, कडक दारूत ओतलं की गरिबाची बिअर तयार. ते मागण्याची भाषा आजही तीच आहे. ग्लासातला शोचू संपला तर ‘नाका’, बाटली संपली तर ‘सोतो’. साकेचीही तऱ्हा बदलली. तांदूळ कमी म्हणून तिच्यात अल्कोहोल, साखर आणि आम्लं घालून एकाची तिप्पट करायची पद्धत रूढ झाली. टंचाई संपली, भात कोठारांत मावेनासा झाला, तरी ही तिप्पट साके साके म्हणूनच खपत राहिली. २००६ च्या कायद्याने तिचं ते नाव काढून घेतलं.

मग पुन्हा एकट्या माणसांची लाट आली. १९५४ मध्ये आओमोरीहून उएनोला पहिली खास गाडी सुटली. डब्याडब्यांत शाळा संपवून कारखान्यांत आणि दुकानांत नोकरीला निघालेली पंधरा वर्षांची मुलं. अशा गाड्या वीस वर्षं धावल्या. वर्तमानपत्रांनी या मुलांना ‘सोन्याची अंडी’ म्हटलं. पाच वर्षांनी, कायद्याने पिण्याच्या वयात आल्यावर, हीच अंडी उएनो आणि आसाकुसाच्या लाल कंदिलाखालच्या काउंटरवर बसायला लागली. शेजारी गळ्यातली टाय सैल केलेले कचेरीतले बाबू. काउंटरमागे गावाकडची बोली ओळखणारी मालकीण असेल तर गिऱ्हाईक जन्माचं बांधलं जायचं.

१९५६ साली योकोहामात योरो नो ताकी सुरू झालं आणि इझाकायाची साखळी होऊ शकते हे सिद्ध झालं. १९७३ मध्ये साप्पोरोत आठ त्सुबोच्या, म्हणजे जेमतेम सव्वीस चौरस मीटरच्या गाळ्यात त्सुबोहाची निघालं. दहा वर्षांत त्याच्या पाट्या देशभर झळकू लागल्या. या दुकानांत दिवे लख्ख, मेनूकार्डावर चित्रं, भाव ठरलेले. मालकाशी ओळख असण्याची गरज उरली नाही. शोचूत सोडा आणि लिंबाचा नाहीतर फळाचा रस घातलेली चूहाय स्वस्त आणि गोड. जाणकारांनी नाकं मुरडली, पण एक गोष्ट या साखळ्यांनीच केली. एडोपासून पुरुषांच्या मक्त्यात असलेल्या या जागेत पोरींना बिनधास्त बसता यायला लागलं. १९९० सालच्या गाजलेल्या शब्दांच्या यादीत ‘ओयाजी-ग्यारु’ होता: बुवांसारखी बिअर ढोसणारी, घोड्यांच्या शर्यती पाहणारी तरुण नोकरदार मुलगी.

या सुबत्तेची काळी बाजू १९८५ च्या गाजलेल्या शब्दात दिसते. तो शब्द होता ‘इक्की! इक्की!’, म्हणजे एका दमात ग्लास रिकामा करायला लावणारी आरोळी. कॉलेजांत नवागतांच्या स्वागताला ही आरोळी घुमायची आणि काही मुलं त्या रात्रीतून उठली नाहीत. गेलेल्या मुलांच्या आईवडिलांनी पुढाकार घेऊन १९९२ मध्ये याविरुद्ध संघटना उभी केली. कचेऱ्यांतही साहेबाने बोलावलं की नाही म्हणायची सोय नव्हती. इझाकायाच्या प्रेमळ वर्णनांत हा भाग हटकून गळतो.

२५ एप्रिल २०२१ ला टोकियोत कोरोनाची तिसरी आणीबाणी लागली आणि उपाहारगृहांना दारू देणंच थांबवायला सांगण्यात आलं. जुलैत मंत्री निशिमुरा यासुतोशी यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकलं: न ऐकणाऱ्या दुकानांची नावं बँकांना कळवू, बँकांनी त्यांना समजावावं. एवढा गदारोळ उठला की दुसऱ्याच दिवशी त्यांना शब्द मागे घ्यावे लागले. मद्याच्या घाऊक व्यापाऱ्यांनी अशा दुकानांना माल देऊ नये, ही सूचनाही काही दिवसांत गुंडाळली गेली. ऑक्टोबरच्या अखेरीस निर्बंध उठले, पण कचेरीच्या पार्ट्या पहिल्यासारख्या परतल्या नाहीत. त्या पार्ट्यांच्या जिवावर मोठे हॉल बांधणाऱ्या साखळ्यांना सर्वांत जास्त झळ बसली. वातामी या साखळीने तर २०२० मध्येच आपले इझाकाया बदलून मांस भाजून खायची दुकानं करायला घेतली होती.

तिकडे तिजोरीत खळगा दिसायला लागला होता. १९८० मध्ये करउत्पन्नात मद्याचा वाटा पाच टक्के होता, २०२० मध्ये तो १.७ टक्क्यांवर आला. १९९५ साली प्रौढ जपानी माणूस वर्षाला सरासरी शंभर लिटर पीत होता, तो पंचाहत्तरवर उतरला. तेव्हा २०२२ च्या उन्हाळ्यात जपानच्या राष्ट्रीय कर खात्याने ‘साके व्हिवा!’ नावाची स्पर्धा जाहीर केली. २० ते ३९ वयाच्या तरुणांनी आपल्या वयाच्या लोकांना दारूकडे कसं वळवावं याच्या कल्पना पाठवायच्या होत्या. वर्षभरापूर्वी दारू देऊ नका म्हणून दुकानदारांच्या मागे लागलेल्या सरकारचंच हे एक खातं. लोकांनी समाजमाध्यमांवर त्याची यथेच्छ टर उडवली, आरोग्य मंत्रालयाने पिणं बेताचंच असावं अशी पुस्ती जोडली, आणि स्पर्धा ठरल्याप्रमाणे पार पडली.